जावेपेक्षा उंच

धाकट्या जावेच्या न्हाणीवर ते पांढरं यंत्र बसलं त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि म्हणाले, "बसलं वाटतं यंत्र." उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, चेहरा बघून कोण कुठं उतरणार ते ओळखतो. मी म्हटलं, "गप जेवा."

यंत्र म्हणजे घरगुती हवामान केंद्र. पांढऱ्या प्लास्टिकचं, हातभर लांब. एका टोकाला वारा मोजायच्या तीन वाट्या गरगर फिरतात, दुसऱ्या टोकाला पाऊस झेलायचं नरसाळं, आणि घरात भिंतीवर एक रंगीत पडदा. त्यावर ऊन, वारा, दमटपणा आणि चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला ते सगळे आकडे. जावेचा मुलगा दुबईला असतो, त्यानं आईसाठी पाठवलं होतं. अख्खी वाडी बघायला लोटली. मलाही जावं लागलं, न जाऊन सांगते कुणाला. एकाच जोत्यावरची दोन घरं आमची, मधे छातीएवढी भिंत. "छान आहे गो," म्हटलं आणि भाजी करपेल असं सांगून परत आले. गॅसवर काहीच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, दुसरीच्या घरात वस्तू आली तर तुझ्या पोटात का दुखावं. दुखलं. खरं तेच सांगते. आमचं गाव पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या वाटेला, आणि ह्या गावात पाऊस मोजायचा मान माझा होता. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मुलांना पर्जन्यमापक दाखवायचा म्हणून एके वर्षी पंधरा किलोचा तेलाचा चौकोनी डबा घेतला, वरचं तोंड कापून काढलं आणि शाळेच्या अंगणात मोकळ्यावर ठेवला. रोज सकाळी साडेआठला आत पोलादी पट्टी उभी धरायची, पाणी कुठवर चढलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं, डबा ओतून परत जागेवर ठेवायचा. ती मुलं बापे झाली, मी निवृत्त झाले, आणि डबा माझ्याबरोबर घरी आला. तुळशीच्या पलीकडे एका चिऱ्यावर त्याची जागा ठरलेली. दूध घालायला जाणारा माणूससुद्धा बाहेरून विचारायचा, "बाई, किती झाला?" मी आकडा सांगायची आणि तो मान डोलवून पुढं जायचा.

पण त्या आकड्याची खरी धनीण माझी लेक. ती महाडला दिलेली, बाजारपेठेच्या मागं नदीकडच्या अंगाला. तळमजल्यावर तिचं शिवणकाम चालतं, पाच मशिनं, हाताखाली दोन बायका. महाडात जून लागला की लोक एकमेकांना जेवलात का असं विचारत नाहीत, उचललं का असं विचारतात. उचलणं म्हणजे खालचं सगळं सामान माळ्यावर चढवणं. लेकीनं त्यासाठी छताला कप्पी लावून घेतलीय, दोर बांधून एकेक मशीन वर ओढायचं. त्यात अख्खा दिवस जातो, शिवण बंद पडतं, गिऱ्हाइकं बोंबलतात, म्हणून उगाच कुणी उचलत नाही. मग कधी उचलायचं? तर ज्याचं त्याचं वरच्या अंगाला कुणी तरी असतं, पोलादपूरला, कापड्याला, घाटाच्या पायथ्याशी. त्याला सकाळी फोन करायचा आणि विचारायचं, किती झाला. आमच्याकडचं पाणी दुपारपर्यंत महाडला पोचतं, त्यात दासगावच्या बाजूनं खाडीला भरती असली की तुंबतं आणि गावात शिरतं.

तळीयेवर दरड आली त्या जुलैत महाडही बुडालं. तेव्हा फोनच लागला नाही, आणि लेकीची सगळी मशिनं चिखलात गेली. त्यानंतर आम्हा मायलेकींचं ठरलं, डब्यात दीडशेच्या वर पाणी दिसलं की विचार करत बसायचं नाही, उचलायचं. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला तिचा फोन. "आई, किती?" एवढंच विचारायची. मी आकडा सांगितला की मग दोन-चार मिनिटं इकडचं तिकडचं. लग्न झालेली लेक रोज फोन करते हे ज्या बाईच्या नशिबात नाही तिला त्याची किंमत विचारा.

तर जूनमध्ये एके दिवशी फोन आला तो पावणेनऊला. मी पट्टी पुसून कधीची बसलेली.

"आई, किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"हां, म्हणजे बरोबर. काकी म्हणाली शंभर."

मी म्हटलं, "काकीला कधी विचारलंस?"

"विचारायला कशाला पाहिजे, दर तासाला आपल्या ग्रुपवर टाकते ना ती. आज तिनं टाकलेलं जरा समजलं नाही म्हणून फोन लावला तिला."

म्हणजे आधी काकी, मग आई. म्हणजे माझा आकडा आता काकीच्या आकड्याशी ताडून बघायला. नाकाला अशी मिरची झोंबली म्हणून सांगते, मी फोन ठेवला आणि डबा धुवायला घेतला. धुतलेलाच होता. भिंतीपलीकडे जाऊ तुळशीला पाणी घालत होती आणि तिच्या डोक्यावर त्या तीन वाट्या गरगर फिरत होत्या. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, एखादं वानर पाठव. आमच्याकडे वानरं डिश मोडतात, पत्रे वाकवतात, त्यांना हे काय जड होतं. पण दुसऱ्याचं वाईट चिंतल्यावर देवही ऐकत नाही.

त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, आपल्याला यंत्र घ्यायचंय. ते म्हणाले, "पाऊस पडतोय का बघायला हात बाहेर काढला की पुरे." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा, माझ्या पेन्शनीतून घेणार."

महाडला बाजारात विचारून आले. दुकानदारानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, खाली तापमान दाखवणारा काटा असलेलं. म्हणाला, "बाई, यात सगळं आलं." मी म्हटलं, यात पाऊस कुठं आहे? तो म्हणाला, पाऊस बाहेर आहे ना. म्हणून मग फोनवर शोधायला बसले. चष्मा चढवून, शाळेची जुनी वही घेऊन आठ दिवस मी तेच करत होते. शिकले मात्र खूप, ते नाकारत नाही. बाहेरचं यंत्र आणि घरातला पडदा यांचं बोलणं बिनतारी चालतं. मोकळ्यात शंभर मीटर म्हणतात, पण आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दीड हात जाड, त्यातून पलीकडे काही जातं की नाही ते कुणी लिहीत नाही. यंत्रावर उन्हाची पट्टी असते, त्यावर सेल चार्ज होतात. आता आमच्याकडे चार महिने ऊन कुठून आणायचं? पाऊस मोजायला नरसाळ्याखाली एक डुलती वाटी असते, थोडं पाणी भरलं की पलटते आणि यंत्र पलट्या मोजतं. संततधार पावसात ती वाटी दमत असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. खाली घेणाऱ्यांचे अभिप्राय वाचले. सगळे कुठल्या तरी कोरड्या गावचे. त्यांचा वर्षाचा पाऊस आमच्याकडे एका आठवड्यात पडून जातो, त्यांच्या कौतुकाला काय चाटायचंय.

एवढं सगळं शिकून शहाणं माणूस जे निवडेल ते मी निवडलं नाही. जावेच्या पडद्यावर काय काय दिसतं ते मला पाठ होतं. मी त्यात जे नाही ते शोधत होते. शेवटी सापडलं. वारा, पाऊस, ऊन तर होतंच, शिवाय उन्हाची तीव्रता, विजा किती लांब पडल्या ते, आणि जमिनीत खुपसायचा एक काटा, मातीची ओल सांगणारा. पडदाही तिच्यापेक्षा मोठा, कोपऱ्यात घड्याळ. ह्यांनी वहीत डोकावून बघितलं. "आषाढात आपल्याकडची माती ओली आहे, हे सांगायला यंत्र?" मी म्हटलं, "असू दे. तिच्याकडे नाही."

पार्सल पोलादपूरच्या स्टँडवर आलं, ते ह्यांनी रिक्षात घालून आणलं. नशिबानं चार दिवस उघडीप होती. डिश बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. आमच्या स्लॅबवर पत्र्याची शेड आहे, इकडे सगळ्यांच्याच असते, नाही तर स्लॅब गळतात. मी त्याला म्हटलं, शेडच्या माथ्यावर सहा फुटी पाइप उभा कर आणि त्याच्या टोकाला लाव. तो वर बघत राहिला. म्हणाला, "बाई, येवढ्या वर नको. वारा लय असतो. तुमच्या जावेचं बघा, कसं बेतात हाय, न्हाणीवर."

"तिचं न्हाणीवर आहे म्हणूनच," मी म्हटलं.

खरं तर तिनं खाली लावलं कारण तिचे गुडघे गेलेत, वर चढून नरसाळ्यातला पाला काढता येत नाही. मला ते ठाऊक होतं. आणि दुसरंही एक ठाऊक होतं. पर्जन्यमापक मोकळ्या जागी, जमिनीलगत ठेवावा, उंचावर वारा पाऊस आडवा उडवून नेतो आणि मापकात कमी पडतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलंय, मुलांकडून घोकून घेतलंय, न आलं तर उठाबशा काढायला लावल्यात. पण त्या दिवशी मला पर्जन्य मोजायचा नव्हता. ते यंत्र रस्त्यावरून दिसलं पाहिजे आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तर दिसलंच पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दिसलं. जाऊ बाहेर येऊन कपाळावर हात धरून बघत उभी राहिली. "ताई, लय उंच लावलंत," म्हणाली. मला त्या रात्री छान झोप लागली.

रविवारी लेक आली. तिनं यंत्र घरच्या वायफायला जोडून दिलं, आपल्या फोनवर ॲप घेतलं, आणि बोट फिरवून मला दाखवलं. आमच्या शेडवरचा वारा महाडला तिच्या हातात. ती खूष, मी खूष. म्हटलं, आता बघू कोण काकीला विचारतंय.

सोमवारी साडेआठ वाजले. फोन नाही. पावणेनऊ झाले, नऊ झाले. शेवटी मीच लावला. म्हटलं, "अगं, आकडा नको का?"

"बघितला ना मी, आई. बासष्ट. आता तुला रोज त्रास नाही, मला इथंच दिसतं."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. जावेमुळं फोन पंधरा मिनिटं उशिरा येत होता, तो मी पदरचे पैसे घालून बंदच करून घेतला. आता रागवायचं कुणावर? मी जावेवर रागावले. तिनं आधी आणलं नसतं तर मी कशाला आणलं असतं.

त्यात आकड्यांचं निराळंच सुरू झालं. माझं यंत्र बासष्ट म्हणायचं त्या दिवशी जावेचं ऐंशी म्हणायचं. वारा जास्त असला की फरक आणखी वाढायचा. दुधवाल्यानं विचारलं, बाई, कुणाचं खरं? मी म्हटलं, "माझं नवं आहे." लेकीनं फोनवर विचारलं तेव्हा तर मी सरळ सांगितलं, "काकीचं वाढवून दाखवतं. तिचं सगळंच वाढीव असतं, दुबईचा माल." लेक हसली. मीही हसले.

डबा मात्र चिऱ्यावर तसाच होता. सवयीनं मी रोज साडेआठला पट्टी बुडवायची. आणि रोज डबा जावेच्या बाजूनं साक्ष द्यायचा. तिचं ऐंशी तर डब्यात ब्याऐंशी. तिचं एकशे दहा तर डब्यात एकशे बारा. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, तीन आठवडे झाले. मी वहीत लिहायचं सोडून दिलं. पट्टी बुडवायची, बघायचं, ओतून टाकायचं आणि गप्प बसायचं. मुलांची खोटी प्रगतिपुस्तकं मी कधी लिहिली नाहीत, पण त्या तीन आठवड्यांत मी माझ्याच यंत्राचं लिहीत होते.

मग तो दिवस आला. आदल्या दुपारपासून धार धरली होती. सकाळी उठले तर समोरचा डोंगर दिसत नव्हता, आणि खाली नदीचा आवाज घरात भिंतीला टेकून बसल्यासारखा जवळ आला होता. साडेआठला डोक्यावर प्लास्टिक घेऊन डब्याकडे गेले. पट्टी घातली. दोनशे बारा. पुन्हा घातली. दोनशे बाराच. आत येऊन पडद्याकडे बघितलं, तिथं एकशे अठ्ठावीस.

दीडशेच्या वर उचलायचं. लेकीच्या फोनवर एकशे अठ्ठावीस दिसणार, म्हणजे ती उचलणार नाही. हे मला त्याच क्षणी कळलं. आणि हेही कळलं, की फोन करून उचल म्हणायचं तर का म्हणून ते सांगावं लागेल. माझं यंत्र खोटं, काकीचं खरं, असं म्हणावं लागेल. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला वाढीव म्हटलं होतं.

मी चहा ठेवला. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवला. आलं किसलं, साखर घातली, तो उकळेपर्यंत तिथं उभी राहिले. मनात म्हणत होते, येईल थोडं पाणी, नाही तर येणारही नाही, दर वेळी थोडंच येतं. चहा गाळताना लाइट गेली. पडदा सेलवर चालू राहिला, पण वायफायचा डबा बंद झाला. म्हणजे आता लेकीच्या फोनवर तो शेवटचा आकडा तसाच चिकटून राहणार. चहा तिथंच ठेवून मी फोन घेतला. रेंज नाही. ओट्यावर गेले, माडीवर गेले, ह्यांचा फोन घेतला, तोही त्याच कंपनीचा. काही नाही.

जावेचा फोन दुसऱ्या कंपनीचा. तिच्या न्हाणीपाशी एक दांडी तरी येते, हे सगळ्या वाडीला माहीत आहे.

दोन घरांत वीस पावलं असतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातली छत्री पुढं केली. मी गेले.

जाऊ न्हाणीच्या दारात फोन हातात घेऊनच उभी होती, अर्धी भिजलेली. मला बघून म्हणाली, "ताई, मी केला होता फोन तिला. दोनदा केला. म्हटलं, दोनशे पाच झालाय, उचल गो. ती म्हणते, आईचं एकशे अठ्ठावीसच हाय, नि आईनं सांगितलंय काकीचं वाढवून दाखवतं." "तुम्हीच बोला. माझं नाय ऐकायची ती."

एवढंच म्हणाली. टोमणा नाही, डोळे मोठे करणं नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही चार सुनावले असते. तिनं फक्त नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"बोल काकी," लेक म्हणाली. मागं मशिनांचा आवाज येत होता. शिवण चालू होतं.

"मी आई बोलतेय. उचल."

"अगं पण तुझं तर एकशे..."

"माझं खोटं आहे. मी वर लावलंय ते, वाऱ्यावर, तिथं पाऊस पडतच नाही त्यात. काकीचं खरं आहे. पहिल्यापासून खरं आहे. डब्यात दोनशे बारा आहे. मला माहीत होतं."

पलीकडे मशिनं एकेक करून थांबली. लेक म्हणाली, "किती वाजता बघितलंस?"

"साडेआठला."

तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. "ठेवते," म्हणाली.

मी तिथंच न्हाणीच्या पायरीवर बसले. जावेनं मला आत नेलं, टॉवेल दिला, तिच्या चुलीजवळच्या पाटावर बसवलं. गवती चहाची पात टाकून तिनं चहा केला. माझा घरचा तसाच पडून होता. दर अर्ध्या तासानं ती न्हाणीपाशी जाऊन फोन लावायची, लागायचा नाही, परत यायची. भिंतीवर तिचा पडदा उजळलेला होता. दोनशे चौदा, दोनशे एकोणीस. मी तो आकडा बघायची आणि मान खाली घालायची.

काही तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "तुझा मुलगा बघत असेल तिकडं."

"बघत असेल ना," ती म्हणाली. "बघतो म्हणून तर फोन नाय करत. आधी रोज करायचा पावसात. आये, किती पडला? मला कुठं मोजता येतंय. तुमच्या लेकीचा फोन वाजला ना साडेआठला, की मी भांडी घासायची थांबायची. तुम्ही आकडा बोलायचात मोठ्यानं, तो ऐकून ठेवायची. नि त्याचा फोन आला की सांगायची, एवढा पडला रे. त्याला वाटायचं, आई मोजते." ती चुलीतलं लाकूड पुढं सारत होती. "मग त्यानं हे पाठवलं. म्हणाला, आता तुला मोजायला नको नि मला विचारायला नको. दीड महिना झाला, तीन फोन आलेत."

वर्षानुवर्षं मी भिंतीच्या ह्या बाजूला आकडा मोठ्यानं बोलायची, ते तिला ऐकू जावं आणि तिला कळावं की माझ्या लेकीचा फोन आलाय, म्हणूनच बोलायची. माझ्या मेलीच्या मनात तेवढंच होतं. आणि ती बाई तोच आकडा पदरात घेऊन आपल्या मुलाशी बोलत होती.

दोनच्या सुमाराला लेकीचा फोन लागला. पाणी आलं होतं, मांडीएवढं. चार मशिनं आणि सगळं कापड वर गेलं होतं. पाचवं दोराला बांधलं आणि पाणी दारात आलं, तेव्हा बायकांनी दोर सोडला आणि जिना गाठला. नवं मशीन होतं, पिको-फॉलचं. "पाऊण तास मिळाला असता तर तेही गेलं असतं वर," लेक म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मी आलं किसलं होतं तो पाऊण तास.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघी तिच्याकडे गाळ काढायला गेलो, मी आणि जाऊ. माझ्या लेकीनं काकीच्या गळ्यात पडून रडून घेतलं. माझ्या गळ्यात पडली नाही असं नाही, पण काकीच्या आधी पडली. मी बघितलं.

परत आल्यावर पहिल्या उघडिपीला डिशवाल्याला बोलावलं आणि यंत्र खाली उतरवलं. आता ते तुळशीपलीकडे डब्याशेजारी उभं आहे, कमरेएवढ्या पाइपवर. डबा आणि ते दोघं आता एकमेकांच्या जवळपास बोलतात. मग मी वायफायची जोडणी काढून टाकली आणि लेकीला सांगितलं, तुझ्या फोनवर आता काही दिसणार नाही, पाहिजे असेल तर साडेआठला विचारायचं. "बरं," म्हणाली. हसली असावी.

दोन दिवसांनी जाऊ भिंतीशी आली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, माझं पण बंद करता येईल काय? नेटचं तेवढंच." मी म्हटलं, "मुलानं विचारलं तर?" म्हणाली, "सांगीन, पावसात लाइट जाते. जाते की नाय?" मी तिच्याकडे जाऊन तीही जोडणी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी पट्टी पुसून बसले होते. लेकीचा फोन आला. "आई, किती?" मी आकडा सांगितला, मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून. दोन-चार गोष्टी झाल्या, तिनं फोन ठेवला. इतक्यात पलीकडे फोन वाजला, दुबईचा. "आये, यंत्र बंद पडलंय काय? आकडा येत नाय. बरी हायस ना?" तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता, भांडी घासता घासता बोलत होती. पाऊस किती ते सांगून झालं, गुडघ्याचं झालं, सुनेचं झालं, मग तिकडं काय जेवलास ते, मग दिवाळीला येतोस का ते. संपेचना. एकदा तर ती चक्क गाणं म्हटल्यासारखं हसली.

मी आमच्या पडद्याकडे बघत होते. माझ्या लेकीचा फोन चार मिनिटं चालला, तिच्या लेकाचा बावीस. त्या यंत्राचं बाकी काही असो, त्यातलं घड्याळ पहिल्या दिवसापासून अगदी बरोबर आहे.